नंदी बांध ओलांडत नाही

माळावरून शॉर्टकट मारून आलं की सलवारीला कुसळं चिकटतात ना, तसे हे किस्से. चालताना कळत नाही. घरी येऊन चहाचा कप हातात घेतला की एकेक टोचायला लागतं. एक उपटावं, तर त्याच्या मागे दुसरं!

मी किन्हवलीच्या पुढे, फाट्यावरून आत, एका माध्यमिक शाळेत भूगोल शिकवते. आणि मुलींचा फुटबॉल. इतक्या वर्षांत भूगोलाचा सांगण्यासारखा एक किस्सा घडला नाही. फुटबॉलचे मात्र विचारू नका. परवा शहापूरला मैत्रिणींबरोबर मिसळ खाताना सहज एक सांगायला घेतला. मिसळ गार झाली, आणि बिल घेऊन आलेला पोऱ्या तिथंच उभा राहिला. म्हणाला, "मॅडम, मंग त्या आजीनं चप्पल दिली का नाय?"

त्या आजीवर येते. आधी मी या फंदात पडले कशी, ते ऐका.

*

आमचे पीटीचे सर रिटायर झाले. हेडसरांनी मला बोलावून घेतलं.

"मॅडम, मुलींचा फुटबॉल आता तुमच्याकडे."

"सर, मी जन्मात बॉलला पाय लावला नाही. चुकून लागलाच तर वाकून नमस्कार करणारी बाई मी!"

"तुम्ही स्कुटी चालवता ना? म्हणजे बॅलन्स आहे."

झालं! अपॉइंटमेंट पक्की. बॉल कुठल्याशा योजनेत आलेला होता. नवा कोरा, प्लॅस्टिकच्या पिशवीत, ऑफिसच्या कपाटात. मी मागितला तर हेडसरांचा चेहरा असा झाला, जसं काही मी त्यांची किडनी मागितली.

"बॉल काढायचा नाही. खराब झाला तर तपासणीला काय दाखवू?"

"मग मुली खेळणार कशानं?"

"आधी थिअरी घ्या. पाया पक्का झाला की मग बघू बॉलचं."

तर आमची पहिली प्रॅक्टिस झाली ती बिनबॉलची. पोरी जीव खाऊन पळत होत्या, "दे, दे, मला दे" म्हणून ओरडत होत्या आणि एकमेकींना काहीही देत नव्हत्या. मग एकीनं जोरात लाथ मारली आणि नाचायला लागली, "गोल! गोल!" आमची गोलकीपर भागी धुळीत पालथी पडली होती. ती उठली, दोन्ही हात पोटाशी घट्ट धरलेले. "गोल काय गोल? मी धरलाय ना! ह्यो काय!"

"नाय धरला! तुज्या काखंतून गेला!"

"माज्या हातात हाय!"

झिंज्या धरायची पाळी आली. शेवटी मी शिट्टी मारून कॉर्नर दिला. भांडण मिटलं.

हेडसर खिडकीतून बघत होते. म्हणाले, "बघा! म्हटलं नव्हतं? बॉलची तशी गरजच नाही."

दुसऱ्या दिवशी मी शिपाईमामांना मस्का मारून बॉल बाहेर काढला. पिशवीत तेवढाच एक भोपळा ठेवला. हेडसर रोज कपाट उघडून लांबूनच बघायचे आणि समाधानानं बंद करायचे. भोपळ्याला कोंब फुटेपर्यंत कुणाला पत्ता नव्हता.

*

आता मैदान. शाळेला मैदान म्हणून जे आहे, त्यावर बॉल ठेवला की तो आपणहून ओढ्याकडे निघतो. म्हणून भातकापणी झाली की आम्ही शाळेमागच्या दोन शेतांत खेळतो. खालचं मारुतीदादांचं, वरचं नामदेवदादांचं. दोघं सख्खे भाऊ. मधे बांध. नांगरताना तो बांध एका वर्षी वीतभर इकडे सरकला की तिकडे, यावरून जे वाजलं, ते बोलणंच बंद! काही निरोप असला तर मारुतीदादा आपल्या म्हशीला मोठ्यानं सांगतात, "उद्या पानी मी घेनार हाय गो!" आणि पलीकडून नामदेवदादा आपल्या बैलाला सांगतात, "घेऊ दे, घेऊ दे, आपलं झालंय!" गावाची कामं अशी जनावरांच्या मध्यस्थीनं चालतात.

दोघांनीही मैदान द्यायला हरकत घेतली नाही. अट मात्र दोघांची एकच. "बाई, बांधाला हात लावायचा नाय!"

मारुतीदादांची मुलगी नंदी. नामदेवदादांची सवी. दोघी माझ्या टीममध्ये, दोघी तेव्हा आठवीत, एका बाकावर बसतात, एका डब्यात जेवतात. पण शाळा सुटल्यावर एकीनं दुसरीच्या शेतात पाय टाकायचा नाही, अशी दोन्ही घरची ताकीद. मग मी काय करणार? नंदीला खालच्या शेतात डिफेन्सला ठेवली, सवीला वरच्या शेतात फॉरवर्डला. नंदी बॉल अडवायची, बांधापर्यंत आणायची, आणि पायाच्या अंगठ्यानं अलगद उचलून बांधावरून सवीकडे द्यायची. बाकीच्या पोरी टुणटुण उड्या मारत बांध ओलांडायच्या. नंदी थांबायची.

त्या दोन घरांत तेव्हा बॉल सोडून दुसरी कुठली देवाणघेवाण नव्हती.

*

आणि आता आजी. या दोघा भावांची आई. वाटणी झाली तेव्हा म्हातारीनं दोघांनाही सांगितलं, "मी कोनाच्यात नाय." आपला तिसरा तुकडा वेगळा ठेवला, चूल वेगळी ठेवली. तो तुकडा दोन्ही शेतांच्या कडेनं लांबच लांब, म्हणजे आमची टचलाइनच. त्यात आजी वाल लावते आणि हातात काठी घेऊन कडेच्या मेरेवर बसते.

पहिल्याच दिवशी बॉल वालात गेला. आजीनं उचलून पदराखाली घेतला.

"आजी, बॉल!"

"माज्या वालात आला तो माजा."

"आजी, असं काय करता? शाळेचा आहे."

"मंग शाळेत ठेवायचा. पायजे तर एक ओळ निंदून दे."

अख्खी टीम तण उपटत वाल निंदायला बसली. नंतर तर पोरींना असा धाक बसला की बॉल पायापासून वीतभर लांब जाऊ देत नव्हत्या. मी पुस्तकात वाचून किती घसा फोडला होता, बॉल जवळ ठेवा, जवळ ठेवा! माझ्या घशापेक्षा आजीची काठी भारी पडली.

*

त्यात आमच्या भागातल्या एका पुढाऱ्याला, सगळे त्याला भाऊ म्हणतात, कळलं की मुली फुटबॉल खेळतात. लगेच उद्घाटन! कशाचं, ते कुणालाच माहीत नव्हतं. शेतात मंडप पडला, बॅनर लागला. बॅनरवर भाऊ केवढे आणि बॉल केवढा! भाऊंचं डोकं बॉलच्या तिप्पट.

भाऊ पांढऱ्या कपड्यांत, पायात कोल्हापुरी. फोटोवाला म्हणाला, "भाऊ, जोरात!" भाऊंनी मागून पळत येऊन लाथ मारली. बॉल जागच्या जागी राहिला. चप्पल मात्र अशी सुटली म्हणता, मंडपावरून, बॅनरवरून, थेट वालात!

टाळ्या वाजवायच्या की नाही, या विचारात सगळे गप्प.

कार्यकर्ता पळत गेला. आजी काठी घेऊन उभी. "माज्या वालात आला तो माजा."

"आजी, भाऊंची चप्पल आहे!"

"मंग भाऊला सांग, एक ओळ निंदून दे."

भाऊ दिलदारपणे हसले. "राहू द्या, राहू द्या." आणि एका पायात चप्पल, एक पाय धसकटात, अशा अवस्थेत त्यांनी मुलींना मार्गदर्शन केलं. "कितीही मोठ्या झालात तरी पाय जमिनीवर ठेवा!"

ती चप्पल आजीनं बुजगावण्याच्या हातात बांधली. मी विचारलं, "काही फरक पडला का आजी?"

"पडला ना! पाखरं आदी डोक्यावर बसायची. आता बांधावर पन येत नाय."

*

पहिल्या वर्षी तालुक्याच्या स्पर्धेला गेलो, तो किस्सा मी खरं तर सांगत नाही. पण त्याच्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

शेतात खेळताना आम्ही कधी बाजू बदलत नव्हतो. बदलणार कशा? नंदी वर जाणार नाही, सवी खाली येणार नाही. तर आमचा गोल कायम खालचा, समोरचा कायम वरचा. स्पर्धेत हाफटाइमनंतर रेफरीनं बाजू बदलल्या. मी ओरडून सांगितलं, सगळ्यांनी माना हलवल्या. पहिल्याच मिनिटाला सवीला बॉल मिळाला. ती जी सुटली, ती पहिल्या हाफमध्ये जिकडे पळत होती तिकडेच. आपल्याच गोलकडे! समोरच्या टीमच्या मुली बाजूला होऊन वाट देत होत्या. मी बाहेरून छाती बडवत होते. आणि भागी, आमची वाघीण, जिनं त्या दिवशी काय काय अडवलं होतं, ती सवी जवळ आल्यावर चक्क बाजूला सरकली.

"अगं, अडवलं का नाहीस?" मी नंतर विचारलं.

"आपलीच हाय ना बाई! तिला कशाला अडवू?"

मी हेडसरांना फोनवर एवढंच म्हणाले, "सर, हरलो. सवीनं एक गोल केला, पण..." पुढचं ऐकायला हेडसर थांबले नाहीत. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला संस्थेचे अध्यक्ष हजर. सवीला हार, श्रीफळ, पेढे. "आपल्या शाळेच्या इतिहासातला पहिला गोल!" सवी हारात तोंड लपवून उभी. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

पुढच्या आठवड्यात मुरबाडला एका लग्नात त्या दुसऱ्या शाळेच्या लोकांनी अध्यक्षांना पंगतीत सगळं सांगितलं. अख्खी पंगत हसली. अध्यक्ष जिलेबी टाकून उठले आणि सोमवारी शाळेत.

"पुढच्या वर्षी समोरच्या टीमवर एक गोल पाहिजे. एक! झाला नाही, तर फुटबॉल बंद. त्या वेळात स्कॉलरशिपचा जादा तास."

मी मुलींना सांगितलं. भागी म्हणाली, "बाई, फुटबॉल नसंल तर मी कशाला येऊ इतक्या लांबून?"

ती थट्टा करत नव्हती. भागी डोंगरापलीकडच्या पाड्यावरून चालत येते. तिच्या पाड्यावरच्या थोरल्या मुली आठवीतच शाळा सोडून वीटभट्टीवर गेल्या. तिची थोरली बहीण पण गेली. एका गोलावर एका पोरीची शाळा अडकली होती, आणि अध्यक्षांना त्या पंगतीतली जिलेबी आठवत होती.

मग मी डोकं लावलं. पोरींना शेतात गोल बसवलं आणि म्हटलं, "नीट ऐका. कुठल्याही मैदानावर जा. आपली भागी जिथं उभी, ते मारुतीदादांचं शेत. समोरची गोलकीपर जिथं उभी, ते नामदेवदादांचं. मधली पांढरी रेघ म्हणजे बांध. बाजू बदलली, की शेतं बदलली. गोल नेहमी नामदेवदादांच्या शेतात."

पोरींचे चेहरे उजळले. सवी म्हणाली, "इतकं सोपं व्हतं तर आदी का नाय सांगितलं बाई?"

*

अध्यक्षांनी आपल्या परीनं मदत म्हणून ठाण्याहून एक कोच सर बोलावले. डोळ्यांवर गॉगल, पाठीवर 'कोच' लिहिलेला टीशर्ट, गळ्यात दोन शिट्ट्या. दोन का, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

आल्या आल्या म्हणाले, "चला, आधी वॉर्म-अप!"

भागीनं विचारलं, "म्हंजे काय सर?"

"म्हणजे पळून अंग गरम करायचं."

"डोंगर उतरून आले ना सर. गरमच हाय!"

सरांनी नारिंगी कोन मांडले, पाटीवर बाण काढले, मग पोरींना खेळायला सांगितलं. थोड्या वेळानं गॉगल वर करून माझ्याकडे आले.

"मॅडम, बॉल बाहेर जातच नाही! असला क्लोज कंट्रोल? कुठली मेथड?"

मी काठीवाल्या आजीकडे बोट दाखवलं.

"आणि हे बॉल उचलून देणं? या वयात?"

मी बांधाकडे बोट दाखवलं.

"आणि ती डिफेंडर! पोझिशन म्हणून सोडत नाही! माझ्याकडे फी भरून येणाऱ्या पोरांना मी वर्षभर ओरडतोय, तरी जमत नाही. हिला कुणी शिकवलं?"

"हिच्या आजोबांनी. वाटणी केली तेव्हा."

सर गंभीरपणे मान हलवत राहिले. जाताना कोन मोजायला लागले तर एक कमी. आजी मेरेवर बसून तो उलटा धरून डब्यातलं तेल बाटलीत ओतत होती. "बेस नरसाळं हाय," ती म्हणाली. "वालात पडलं व्हतं." सरांनी वाद घातला नाही. त्यांना आजीची मेथड समजली असावी.

थोड्या दिवसांनी व्हॉट्सॲपवर त्यांचा व्हिडिओ आला. ठाण्यातलं हिरवंगार टर्फ, मधोमध गुडघाभर उंच दोरी बांधलेली, आणि ब्रँडेड बूट घातलेली पोरं तिच्यावरून बॉल उचलून देतायत. खाली लिहिलं होतं, 'ग्रामीण डिसिप्लिन ड्रिल'. फी वेगळी.

मी तो मारुतीदादांना दाखवला. त्यांनी दोनदा बघितला. मग म्हणाले, "ह्यांची पन वाटनी झाली काय?"

*

आता शेवटचा, मग उठू.

यंदाची स्पर्धा. पहिली मॅच हरलं की घरी. समोर शहरातली शाळा. त्यांना दोन-दोन ड्रेस, पाण्याच्या बाटल्यांवर नावं. आमच्याकडे एक पिकअप, त्यात टीम, हेडसर आणि दोघं भाऊ. पोरींच्या हट्टापायी आले होते. मारुतीदादा पुढे ड्रायव्हरजवळ, नामदेवदादा मागे पोरींत. उतरल्यावर मारुतीदादा आमच्या गोलजवळ जाऊन बसले, नामदेवदादा समोरच्या गोलजवळ. कुणी सांगितलं नव्हतं. आपापल्या शेतात जाऊन बसले!

हाफटाइमपर्यंत आमच्यावर तीन गोल. बाजू बदलल्या. मी पोरींना सांगायला तोंड उघडलं, तर काय बघते, दोघं भाऊ पण उठले! हा इकडून तिकडे, तो तिकडून इकडे. मधल्या रेघेवर एकमेकांच्या अंगावरून गेले, नजर सरळ, आणि बरोबर जागा बदलून बसले. पोरींनी बापांकडे बघितलं आणि आपापल्या बाजूला गेल्या. मला एक शब्द बोलावा लागला नाही.

पण गोल काही होईना. सवीला तिघी-तिघी चिकटल्या होत्या. चौथा गोल बसला. भागी मातीनं माखली होती, कोपर सोलवटलं होतं. प्रत्येक वेळी बॉल पुढे फेकताना ती माझ्याकडे बघायची. मला तिच्याकडे बघवत नव्हतं. हेडसर घड्याळ बघत म्हणाले, "जादा तासाचं टाइमटेबल करायला घ्या मॅडम." मी त्यांना काय उत्तर दिलं, ते इथं सांगण्यासारखं नाही.

शेवटी शेवटी त्यांना कॉर्नर मिळाला. पाचवा मारायच्या हौसेनं त्यांची सगळी टीम आमच्या गोलपुढे. आमची सवीसुद्धा रेघेपलीकडे नव्हती, पायात गोळा येऊन बाहेर बसली होती. कॉर्नर आला. भागीनं उडी मारून बॉल धरला आणि नंदीला दिला.

नंदी सुटली! समोर कुणी नाही. अख्खं मैदान मोकळं, लांब एक गोलकीपर. मी ओरडतेय, पोरी ओरडतायत, हेडसर ओरडतायत. नंदी मधल्या रेघेपर्यंत आली...

आणि थांबली. बॉलवर पाय ठेवून उभी.

"अगं जा गो नंदे! जा!" माझा आवाज फाटला.

"बाई, काकांचं हाय ते!"

मागून त्यांच्या मुली धावत यायला लागल्या होत्या. मी मारुतीदादांकडे बघितलं. ते उभे राहिले होते. ते तरी काय सांगणार? शेत त्यांचं नव्हतं.

नंदी नामदेवदादांकडे बघत होती.

नामदेवदादा उठले. खांद्यावरचा टॉवेल काढला, डोक्यावरून गरागरा फिरवला आणि असे ओरडले की पलीकडच्या मैदानावरची कबड्डी थांबली.

"ये गो पोरी, ये! तुजंच हाय!"

नंदीनं अंगठ्यानं बॉल उचलला, रेघेवरून पलीकडे टाकला, आणि त्या सपाट मैदानावर, जिथं एक ढेकूळ पण नव्हतं, गुडघाभर उंच उडी मारून रेघ ओलांडली. त्यांची गोलकीपर ती उडी बघतच राहिली. बॉल तिच्या बाजूनं आत गेला.

त्यानंतर काय झालं ते मला धड आठवत नाही. भागी आपला गोल उघडा टाकून मैदानभर धावत होती एवढं आठवतं, आणि मी हेडसरांना मिठी मारली असं पोरी म्हणतात. मी ते मान्य करत नाही. चार-एकनं हरलो. अध्यक्षांना फोन केला, तर त्यांनी आधी विचारलं, "समोरच्यावर ना? नक्की?" मग म्हणाले, "ठीक आहे, चालू द्या." भागी पिकअपमध्ये माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली.

परत येताना मागे पोरींच्या गाण्याचा गोंधळ. मारुतीदादा या वेळी पुढे बसले नव्हते. नामदेवदादांच्या समोर, फळीला टेकून बसले होते. शेणवे गावाच्या पुढे गाडी खड्ड्यात आदळली, पोरी जरा गप्प झाल्या. तेवढ्यात मारुतीदादा बोलले. म्हशीला नाही, बैलाला नाही. सरळ भावाला.

"नाम्या, गोल तुज्या शेतात झाला."

नामदेवदादांनी टॉवेल झटकून पुन्हा खांद्यावर टाकला.

"मंग माजा," ते म्हणाले.

मारुतीदादा म्हणाले, "घे."